चपलांची रांग

खर्र, असा पेन्सिल खरडल्याचा आवाज आला आणि रविवारची दुपार मोडली.

सासूबाई पंख्याखाली कलंडल्या होत्या, दीपक तोंडावर पेपर घेऊन झोपला होता, आणि मी वाळलेल्या कपड्यांच्या ढिगाशेजारी बसून घड्या घालण्याचा नुसता विचार करत होते. घरात लहान मूल असलं की मोठ्या आवाजाचं काही वाटेनासं होतं. भांडं पडलं तर पडलं. पण असा बारीक, एकट्यानं काहीतरी चालवल्याचा आवाज आला की आई आधी उठते आणि मग जागी होते.

आरोही स्वयंपाकघराच्या दाराला टाचा लावून उभी होती. डोक्यावर फूटपट्टी, हातात पेन्सिल, आणि स्वतःची उंची स्वतःच मोजण्याच्या नादात चौकटीवर सुरू झालेली रेघ तिच्या कानावर येऊन संपलेली. समोरचा दात हलत होता, त्याला जीभ लावत तिनं विचारलं, "मम्मी, मी अजून बसते ना गं मुंगीत?"

ही मुंगी सांगायला हवी. त्र्यंबक रोडला, गाव संपून टेकड्या सुरू होतात तिथे नवलनगरी नावाची बाग आहे. पाळणे, होड्या, बोगदे, सगळं आहे, पण आरोहीला त्यातली फक्त मुंगीगाडी हवी होती. मातीच्या मोठ्या वारुळात शिरणारी लहानशी आगगाडी. मोठ्यांना आत सोडत नाहीत. दारात एक लाकडी मुंगी उभी आहे, तिची एक मिशी आडवी पसरलेली. त्या मिशीला डोकं न लागता जे पोर खालून जाईल, त्यालाच गाडीत जागा. आमचं जायचं दोनदा ठरलं. एकदा कांजिण्या निघाल्या, एकदा दीपकच्या अंबडच्या कंपनीत साहेब लोक तपासणीला आले. तेवढ्यात ही वाढत राहिली. आता बागेच्या जाहिरातीत छापलेली मिशीची उंची धरली तर फूटपट्टीच्या हिशेबानं मिशीत आणि तिच्या केसांत एक बोट उरलं होतं, तेही वेणी सोडली तर.

मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, पुढच्या रविवारी जायचंच. एका बोटाच्या अंतरावर आईनं जे काही वाचवायचं ते वाचवावं असं मला वाटलं. एरवी तर रोज संध्याकाळी घरी येऊन बघावं तो पोर सकाळपेक्षा काहीतरी जास्त शिकलेली असते, आणि ते मला न विचारता.

आमच्या घरात काही ठरलं की ते आमच्या घरात राहत नाही, जिन्यानं वर आणि खाली जातं. वरच्या मजल्यावरची निकिता बँकेत आहे. ती म्हणाली, तिथे रुपेरी पट्टा मिळतो तो घे, मनगटाला बांधला की कुठल्याच रांगेत उभं राहायला नको, सरळ वेगळ्या दारानं आत. आपल्यासारख्या नोकरी करणाऱ्या बायकांनी रविवारसुद्धा रांगेत घालवायचा का, असं तिनं मला अशा सुरात विचारलं की जणू रांगा मीच काढल्या होत्या. तळमजल्यावरच्या लताबाई शाळेतून निवृत्त झाल्या आहेत आणि अजून संपूर्ण इमारतीला शिकवतात. त्यांचं मत असं की पुढे जाण्याची सोय फुकट असावी, म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना, पाय नसलेल्यांना. आणि ज्याच्याकडे धड पाय आहेत त्यानं उभं राहावं. पैसे देऊन पुढे जाणारा माणूस मागच्याचा वेळ चोरतो, असं त्या म्हणाल्या. दीपक लताबाईंच्या बाजूचा. तो रांगेबाबत इतका तत्त्वाचा माणूस आहे की पेट्रोल पंपावर मागच्याला पुढे सोडतो आणि मग मला ऐकवतो. या प्रश्नावर आमच्या वॉचमनच्या खुर्चीभोवती तीन संध्याकाळी चर्चा झाली. वॉचमन उभा होता.

सासूबाई मूळच्या देवळ्याकडच्या, शेतकरी घरातल्या. शेवटी त्यांनी सांगितलं, "गॅस असो नायतर नळ, म्या कधी रांगंत उभी राह्यले नाय. चपला उभ्या राह्यल्या. आपण आपलं झाडाखाली बसायचं." आम्ही सगळे हसलो. शिकलेली माणसं हसतात तसं, थोडं उशिरा थांबून.

रविवारी सकाळी नवलनगरीच्या फाटकाशी पोचलो तर रुपेरी पट्टा विकत घेण्यासाठी रांग होती. लांबलचक. दीपकच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते मी लग्नात पाहिलं नव्हतं. खिडकीपर्यंत पोचल्यावर मुलीचं आधार मागितलं, ते दाखवलं. मग फोनवर आकडे येतील ते सांगा म्हणाले. आकडे दीपकच्या फोनवर गेले, फोन पिशवीत, पिशवी सासूबाईंजवळ, आणि सासूबाई पुढे मुंगीगाडीपाशी. मी पळत जाऊन फोन आणला तोवर आकडे शिळे झाले होते. दुसरे मागवले, ते आलेच नाहीत. मागचे लोक कुजबुजले की ही बाई रांग अडवतेय. रांग टाळायला आलेल्या लोकांना रांग अडवल्याचा केवढा राग येतो ते तिथे कळलं.

खिडकीत एक शांत मुलगी बसली होती. पट्टे महाग होते, म्हणून आम्ही एकच घेतला, आरोहीच्या हाताला. बरोबरच्या मोठ्यांना तसंच सोडतात. पट्टा लावताना मी सहज म्हटलं, चला, वेळ वाचला.

"वेळ तर जातोच ना मॅडम," ती मुलगी नम्रपणे म्हणाली. "फक्त तुमचा जात नाही."

मला ते विक्रीच्या बोलण्यासारखं वाटलं.

मुंगीगाडीपाशी वेगळाच प्रकार होता. तिथे पाटी होती की इथे पट्टा चालणार नाही, रांग सर्वांना सारखी, उभं राहणं शक्य नसल्यास चपला ठेवाव्यात. सासूबाईंनी ती पाटी आम्हाला मोठ्यानं, एकेक अक्षर सोडवत वाचून दाखवली, बागेनं त्यांनाच विचारून लिहिल्यासारखी. मेंदीच्या कुंपणाला वळसा घालत चपलांची रांग लागली होती. माणूस एक नाही. लहान लहान सँडल, बूट, रबरी चपला, सगळ्यांची तोंडं वारुळाकडे.

मी माझ्या चपला काढायला लागले तर त्यांनी हात धरला. ज्याचा नंबर त्याचीच चप्पल, दुसऱ्याची ठेवली तर नंबर त्याचा लागतो, हा त्यांचा नियम. त्यांनी खाली बसून आरोहीचे गुलाबी सँडल काढले, नीट जोडीनं शेवटच्या बुटांमागे ठेवले, आणि स्वतः समोरच्या बाकावर राखणीला बसल्या. पोर दिवसभर अनवाणी फिरणार का, असं मी म्हटलं. बाप हाय ना उचलाया, असं उत्तर मिळालं.

मग आम्ही हिशेब मांडला तो मला अजूनही चोख वाटतो. फुकटच्या रांगेत चपला उभ्या राहतील, तेवढ्यात विकतच्या पट्ट्यावर बाकीचं सगळं बघून होईल. वेळ दोन्हीकडून वाचेल. दीपकनंही तत्त्व बाजूला ठेवलं, कारण आता पैसे भरले होते.

पहिला होता मोठा पाळणा. पट्ट्याच्या वेगळ्या दारातून आत गेलं की थंडगार बोळ, अर्धवट उजेड, आणि एका बाजूला काच. काचेपलीकडे साधी रांग दिसत होती, घामेजलेली माणसं, पोरांना वारा घालणाऱ्या आया. दीपकनं आरोहीला एका हातावर घेतलं होतं. मी काचेत तिच्या फ्रॉकचं प्रतिबिंब पाहिलं, पिवळा, फुलाफुलांचा, आणि माझे केस सारखे करून पुढे निघाले. पाळण्यात बसल्यावर लक्षात आलं की काचेतली मुलगी जमिनीवर उभी होती. कुणाच्या हातावर नव्हती. कुणाचा हात धरूनही नव्हती.

उंचावर गेलं की असे विचार येतात. मी डोळे मिटून घेतले.

खाली उतरल्यावर आरोही हसली तर समोरचा दात नव्हता. मी पाळण्याखाली, बाकाखाली शोधलं. "तो केव्हाचाच पडला," ती म्हणाली. कुठे पडला विचारलं तर म्हणाली, रांगेत. मी तिला समजावलं की आपण रांगेत उभे नव्हतो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी लताबाईंकडे पाहते, वाद न घालता.

सासूबाईंकडे फेरी मारली. त्या भेळ खात होत्या. म्हणाल्या, चपला सरकल्या. कोणी सरकवल्या विचारलं तर म्हणाल्या, "कोन्ही नाय. घंटा वाजली की आपल्या आपण जात्यात." मी उभी राहून बघितलं. वारुळातून घंटा वाजली आणि चपलांची सगळी रांग एक पाऊल पुढे झाली. डावा, उजवा. आरोहीच्या सँडलची टाच जराशी दबली आणि पुन्हा वर आली, आत पाय असल्यासारखी. आजूबाजूला लोक वडापाव खात होते. एका बाईनं मला विचारलं की चटणी तिखट आहे का हो. मी सांगितलं, बेताची.

इथे एखादी शहाणी बाई घरी गेली असती. पण शहाण्या बाईनं पट्ट्याचे पैसे भरलेले नसतात, आणि तिच्या लेकीचं बोटभर अंतर राहिलेलं नसतं. मी स्वतःला समजावलं की चाकं असतील, खाली सरकता पट्टा असेल, हल्ली काय काय निघतं. दुसऱ्या दाराकडे निघालो.

दुसरं होतं होडीचं. तोच बोळ, तीच काच. या वेळी मी काचेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणजे पूर्ण वेळ काचेकडेच बघत होते. रांग मगाचीच होती, पण माणसं दुसरी. त्यांच्यामध्ये पिवळा फ्रॉक उभा होता. अनवाणी. फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला होता. ती मुलगी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत होती, फार वेळ उभं राहिलेलं पोर बघतं तसं, कंटाळून कंटाळा संपल्यासारखं. मी काचेवर टकटक केलं. तिनं मान वळवली नाही. दीपकच्या खांद्यावरची आरोही म्हणाली, "तिकडनं ऐकू येत नाही."

होडीतून उतरलो तेव्हा तिच्या हिरडीतून नवा दात अर्धा वर आला होता, करवतीसारख्या कडेचा. दीपक म्हणाला, मुलांचं असंच असतं, सुट्टीत एकदम येतात. मग म्हणाला की सकाळी ही एका हातावर बसली होती, आता दोन्ही हातांत मावत नाही, तू हिला काय खायला घालतेस. तिचे पाय त्याच्या गुडघ्यांवर आपटत होते. शेजारून जाणाऱ्या एका आजोबांनी त्याला सुनावलं की एवढ्या घोडीला उचलून घेता, चालू द्या की. दीपक दुखावला. मीही दुखावले, घोडी म्हणाले म्हणून; आणि मग बघितलं, तर म्हणण्यासारखीच होती.

मी तिथेच तिच्या मनगटाचा पट्टा ओढला. निघेना. सकाळी सैल होता, आता रुतला होता. आम्ही खिडकीकडे पळालो. तीच शांत मुलगी.

मी तिला म्हटलं, हे काढ. तिनं विचारलं की काही गैरसोय झाली का. मी विचारलं की वाचलेला वेळ जातो कोणाचा. तिनं आरोहीच्या पट्ट्याकडे नुसतं पाहिलं. दुकानदार वस्तूवरची किंमत दाखवतात तसं. मग तिनं नीट समजावून सांगितलं, निकिता हप्ते समजावते तशा सुरात. रांग कधी कमी होत नाही मॅडम, कोणीतरी उभं राहावंच लागतं. वाचलेला वेळ परत करता येतो, तशी सोय आहे. तिनं हातानं दाखवलं. मागच्या भिंतीशी एक रांग होती. माझ्याच वयाच्या बायका, एकदोन बाप. प्रत्येकीच्या हातात काहीतरी लहान होतं, एक मोजा, एक टोपरं, एक दुपट्टं. बराच वेळ बघितलं, पण रांग हलली नाही.

"या रांगेला पट्टा मिळतो का?" दीपकनं विचारलं. जन्मभर मागच्याला पुढे सोडणाऱ्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना मला त्याची इतकी दया आली की मी त्याचा दंड धरला.

"मिळतो ना," ती मुलगी म्हणाली, आणि आरोहीच्या दुसऱ्या मनगटाकडे बघितलं.

आम्ही तिथून निघालो. पळालो म्हणते मी, पण पळण्यासारखं फक्त आरोहीला जमत होतं. तिचे पाय लांब झाले होते आणि ती सारखी मागे वळून आमच्यासाठी थांबत होती. अजून मुंगी होती. मी मनात तेवढंच धरून ठेवलं होतं. एक बोट अंतर होतं, काही झालं असलं तरी थोडं उरलं असेल, वेणी सोडू, मान जरा खाली घे म्हणून सांगू.

सासूबाई बाकावरून उठून उभ्या होत्या आणि हात हलवत होत्या. नंबर लागला होता. गुलाबी सँडल सगळ्यांत पुढे, मुंगीच्या दारात, एकमेकांना चिकटून उभे. त्यांनी आरोहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पदर सावरून तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि त्यासाठी त्यांना हात वर न्यावा लागला.

आरोहीनं आधी सँडल घालून बघितले. टाच बाहेर राहिली. मग ती मुंगीकडे गेली. मी तिचे केस चपटे दाबले. मिशी तिच्या कपाळाला लागली.

दारावरचा माणूस म्हणाला की नियम आहे. दीपक त्याच्याशी नियमानं बोलला, मी रडत बोलले, दोन्हीचा उपयोग झाला नाही. मग सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी विचारलं, सकाळपासून नंबर लावलाय तो काय फुकट जायचा का. माणसानं थोडा विचार केला. नंबर वाया जात नाही म्हणाला, आजवर गेलेला नाही. जे उभे राहिले त्यांना बसता येईल. आणि त्यानं ते सँडल उचलून गाडीच्या पहिल्या डब्यात ठेवले, त्यांच्यावरून पट्टा घेऊन खटका लावला. मागच्या डब्यांत इतर पोरं बसली होती. घंटा झाली.

आम्ही चौघं कठड्याशी उभे राहिलो. गाडी वारुळात शिरली, बाहेर आली, वळसा घेऊन पुन्हा शिरली. प्रत्येक वेळी ती समोरून गेली की सासूबाई हात हलवायच्या. दुसऱ्या फेरीला दीपकनंही हलवला. तिसरीला मीही. शेजारच्या जोडप्यानं आमच्याकडे पाहिलं, मग डब्यातल्या चपलांकडे पाहिलं आणि आपलं पोर घट्ट धरलं. फोटो काढायचे राहिले. दुसऱ्या दिवशी निकितानं फोटो मागितले तेव्हा मी सांगितलं, रेंज नव्हती. फोटोला रेंज लागत नाही हे तिनं मला सांगितलं नाही, यात तिची माया दिसते. पट्टा वसूल झाला का, एवढंच विचारलं. लताबाई जिन्यात आरोहीला बघून म्हणाल्या, वाढली हो पोर, आणि जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

गाडी फिरत होती तेव्हा आरोही मात्र हात हलवत नव्हती. कठड्यावर हनुवटी टेकवून ती गाडीकडे बघत होती. सकाळी हाच कठडा तिच्या डोक्याच्या वर होता. मी म्हटलं, आरू, आपण दुसरी गाडी शोधू, मोठ्या मुलांची. ती म्हणाली, चालेल. समजूतदारपणे. मला ते चालेल नको होतं. मला तिनं जमिनीवर लोळण घेऊन रडायला हवं होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर तिला बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं आणि पाय धुवायला घेतले. पट्टा कात्रीनं कापला होता, त्याची लाल रेघ मनगटावर उमटली होती. दिवसभराचा धुरळा होता, तो पहिल्याच तांब्यात गेला. खाली जे राहिलं ते जाईना. तळवे घट्ट झाले होते, टाचांना बारीक भेगा होत्या. असे पाय मी बाजारात माल घेऊन दिवसदिवस उभ्या राहणाऱ्या बायकांचे पाहिले आहेत. मी साबण लावला, अंगठ्यानं चोळत राहिले, जणू ते लागलेलं आहे, निघेल.

तिनं ओणवं होऊन माझ्याकडे बघितलं आणि आपण होऊन सांगायला लागली. मधे एकदा पाऊस आला. एक बाई होती, ती छत्रीत घ्यायची. ती रोज बिस्किट द्यायची, पण मग तिचा नंबर लागला.

"रोज?" मी विचारलं.

"हो. मग दुसरी आली, ती नाही द्यायची." ती माझ्या हातातल्या आपल्या पायाकडे बघत होती. आवाजात तक्रार नव्हती. एखादी गोष्ट ठेवली कुठे, असं विचारावं तसं तिनं विचारलं, "मम्मी, मी रांगेत उभी होते ना, तेव्हा तू कुठे होतीस?"